कोळ्याचे रक्त कोण गाळते? नेफ्रोसाइट ओळखायची वाट

कोळी, विंचू किंवा गोचीड यांच्या शरीरात मूत्रपिंड शोधायला निघालात, तर हाती काही लागणार नाही. रक्त गाळण्याचे काम मात्र तिथेही चालते, आणि त्यातला मोठा वाटा सुट्या किंवा झुबक्याने राहणाऱ्या पेशी उचलतात. त्यांना नेफ्रोसाइट म्हणतात. अष्टपादांच्या, म्हणजे कोळी-विंचू-गोचीड यांच्या आठपायी गटाच्या, शरीररचनेचा अभ्यास नुकताच हाती घेतला असेल आणि समोर शिरोवक्षाची (डोके आणि छाती एकत्र असलेल्या पुढच्या भागाची) स्लाइड किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा फोटो असेल, तर ही पेशी कशी शोधायची, तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर पेशींपासून ती वेगळी कशी काढायची आणि ती खरोखर काम करते आहे हे कसे तपासायचे, ते इथे क्रमाने सांगतो.

एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवा. नेफ्रोसाइटला नळी नसते. गाळलेले द्रव बाहेर टाकायला तिच्यापाशी वाट नाही. गाळायचे, गाळलेले उचलायचे, पचवायचे आणि जे पचणार नाही ते साठवायचे, ही सगळी कामे एकच पेशी करते. नवखे लोक बहुतेक वेळा चुकतात ते ‘हे जाते कुठे?’ असे विचारत नळी शोधत बसतात म्हणून.

पहिली पायरी: रक्ताची ओळख

अष्टपादांचे रक्ताभिसरण खुले असते. पाठीकडच्या नळीसारख्या हृदयातून रक्त धमन्यांत जाते, पण पुढे केशवाहिन्यांचे बंद जाळे नसते. रक्त अवयवांमधल्या पोकळ्यांत सांडते, फुफ्फुसपुस्तके (पानांसारख्या थरांचे श्वसनाचे अवयव) असतील तर त्यांच्यावरून वाहते आणि पुन्हा हृदयाकडे येते. या द्रवाला हिमोलिंफ म्हणतात. प्रत्येक अवयव त्यात बुडालेला असतो. म्हणून नेफ्रोसाइटला स्वतंत्र रक्तवाहिनीची गरज पडत नाही, ती आधीच रक्तात बसलेली असते.

कोळी आणि विंचू यांच्या हिमोलिंफमध्ये सर्वांत जास्त असणारे प्रथिन म्हणजे हिमोसायनिन. ते तांब्याच्या मदतीने प्राणवायू वाहून नेते आणि प्राणवायू मिळाला की निळसर दिसते. टॅरँटुलाच्या हिमोसायनिनमध्ये २४ उपघटक एकत्र जोडलेले असतात. प्रत्येक उपघटक साधारण ७० हजार डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) वर, म्हणजे पूर्ण रेणू १७ लाख डाल्टनच्या आसपास. हा अवाढव्य रेणू गाळणीतून सुटून वाया जाऊ नये आणि त्याच रक्तातली लहान प्रथिने व निरुपयोगी तुकडे मात्र उचलले जावेत, अशी ही गरज आहे. पुढे पेशीच्या कडेवरच्या फटी पाहाल तेव्हा हे आकडे आठवा.

दाबाचाही विचार करा. कोळ्याच्या पायांतल्या काही सांध्यांना सरळ करणारे स्नायूच नसतात, तिथे पाय रक्ताच्या दाबाने ताठ होतो. घरात फिरणाऱ्या टेजेनेरिया कोळ्यावरच्या १९५९ च्या मोजमापात स्थिर अवस्थेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ५० मिलिमीटर आणि क्षणिक उसळी ४०० पर्यंत आढळली होती. सस्तन प्राण्याच्या मूत्रपिंडात हृदयाचा दाबच गाळणी चालवतो. नेफ्रोसाइटच्या बाहेर-आत असा कायमचा दाबफरक टिकवणारी पोकळी नसते, म्हणून इथे ओढ निर्माण करते ती पेशीची गिळण्याची क्रिया. आत सतत गिळले जाते, म्हणून बाहेरून नवे द्रव येत राहते.

दुसरी पायरी: कामाची वाटणी समजून घ्या

अष्टपादांत उत्सर्जनाची कामे अनेक जागी विभागलेली असतात. ही वाटणी डोक्यात नसेल तर स्लाइडवरची प्रत्येक मोठी पेशी नेफ्रोसाइट वाटू लागते.

नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थ मुख्यतः ग्वानिनच्या रूपात बाहेर जातात. मालपीघी नलिका (आतड्याला जोडलेल्या बारीक, एका टोकाला बंद नळ्या) आणि मध्यान्त्राच्या, म्हणजे आतड्याच्या मधल्या भागाच्या, पेशी हे काम करतात. कीटकांतही मालपीघी नलिका असतात, पण अष्टपादांतल्या नलिका मध्यान्त्राच्या आंतरस्तरापासून (गर्भाच्या आतल्या थरापासून) बनतात, कीटकांतल्या बाह्यस्तरापासून (गर्भाच्या बाहेरच्या थरापासून). म्हणजे नाव एक, उगम वेगळा. हार्वेस्टमन या लांब पायांच्या, कोळ्यासारख्या दिसणाऱ्या अष्टपादांच्या गटात या नलिका नसतातच. ग्वानिनचे काही स्फटिक बाहेर न जाता आतड्याच्या कडेच्या ग्वानोसाइट पेशींत साठतात, आणि बागेतल्या ॲरेनियस डायाडेमेटस कोळ्याच्या उदरावरचा पांढरा क्रूस हे अशाच साठ्याचे रूप आहे.

पाणी आणि क्षार यांचा हिशेब मुख्यतः कॉक्सल ग्रंथींकडे. या ग्रंथीत एक लहान पिशवी, तिला जोडलेली वेटोळी नळी आणि पायाच्या बुडाशी उघडणारे छिद्र असते. पिशवीच्या भिंतीत पोडोसाइट पेशी असतात, त्या गाळतात. नळी त्या द्रवातून उपयोगी गोष्टी परत घेते. लिफिस्टियससारखे आदिम कोळी आणि टॅरँटुलाचा गट यांत अशा दोन जोड्या, पहिल्या आणि तिसऱ्या पायांच्या बुडाशी. आपल्या नेहमीच्या नजरेतल्या जाळेवाल्या कोळ्यांत फक्त पहिली जोडी उरली आहे. विंचवात त्या तिसऱ्या पायाच्या बुडाशी उघडतात. मऊ गोचिडी रक्त पिताना किंवा पिऊन झाल्याबरोबर याच ग्रंथीतून पाणी बाहेर टाकतात. कडक पाठीच्या गोचिडींनी मात्र वेगळा मार्ग धरला आहे: त्या जास्तीचे पाणी लाळेवाटे यजमानाच्याच अंगात परत सोडतात.

मग नेफ्रोसाइटकडे काय उरले? रक्तात विरघळलेली किंवा तरंगणारी प्रथिने, कलिले (द्रवात तरंगणारे अतिसूक्ष्म कण), जुने झालेले रेणू. क्षार नाही, पाणी नाही, ग्वानिनही नाही. ‘उत्सर्जन करणारी पेशी’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘रक्तातली प्रथिने गाळून गिळणारी पेशी’ असे लिहा, वाचणाऱ्याचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

तिसरी पायरी: कुठे पाहायचे

कोळ्यात शोध शिरोवक्षापासून सुरू करा. अन्ननलिकेखालचा चेतासमूह, त्याच्या वरच्या बाजूला असलेली एंडोस्टर्नाइट नावाची आतली आधारपट्टी आणि पायांच्या मुळांकडे जाणाऱ्या रक्तपोकळ्या, हा टापू नीट चाळा. गोचिडीत हृदयाच्या आसपास बघा. विंचवात पेशी विखुरलेल्या असतात, शिवाय तिथे रक्तपेशींचे लसिकाभ अवयवही असतात, म्हणून एखादाच छेद पाहून निष्कर्ष काढू नका.

कुठल्याही प्राण्यात एक खूण मात्र सारखी राहते. ही पेशी रक्तपोकळीत असते आणि तिच्या सगळ्या बाजूंना रक्त पोहोचते. आतड्याच्या किंवा ग्रंथीच्या थरात ओळीने बसलेली पेशी असेल तर ती नेफ्रोसाइट नाही.

चौथी पायरी: साध्या सूक्ष्मदर्शकाखाली

अर्धा ते एक मायक्रोमीटर जाडीचे रेझिनमधले छेद टोल्युइडिन ब्लूने रंगवले तर ओळख सोपी जाते. मेणातले जाड छेद पहिल्या फेरीसाठी ठीक, पण पेशीची कड त्यात धूसर होते आणि आपल्याला नेमकी कडच हवी आहे.

पेशी मोठी, गोलसर किंवा अंडाकृती. शेजारच्या रक्तपेशींपेक्षा ठळकपणे मोठी. केंद्रक मध्याकडे, काही वेळा एकाहून अधिक केंद्रके. पेशीद्रव्यात वेगवेगळ्या आकाराच्या रिक्तिका (पटलाने वेढलेल्या पोकळ्या) आणि गडद कण भरलेले. कडेला सर्वत्र एक अरुंद, थोडा वेगळ्या पोताचा पट्टा दिसतो. बारीक रेघा असाव्यात असे वाटते, पण स्पष्ट दिसत नाहीत. हा पट्टा दिसला की पेशीवर खूण करून ठेवा आणि पुढे जा. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून यापुढे काही मिळणार नाही, कारण हव्या त्या फटी त्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी लहान आहेत.

पाचवी पायरी: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा फोटो बाहेरून आत वाचा

इथे घाई करू नका. नेफ्रोसाइटची सगळी गोष्ट तिच्या कडेच्या एका अरुंद पट्ट्यात आहे.

सर्वांत बाहेर आधारपटल, म्हणजे पेशीला बाहेरून लागून असलेला पातळ, जाळीदार थर. ते पेशीभोवती अखंड फिरते, एका बाजूला नाही तर चहूबाजूंनी. हीच पहिली गाळणी, मोठे रेणू इथेच अडतात. आधारपटल तुटक दिसले तर आधी नमुना नीट टिकवला गेला होता का ते तपासा.

त्याच्या लगेच आत पेशीपटल. ते सरळ जात नाही. ठिकठिकाणी खोल आत वळते आणि पेशीच्या कडेत अरुंद, फाटे फुटलेल्या खाचा तयार होतात. खाडीच्या मुखाशी जाळे लावावे तसा प्रत्येक खाचेच्या तोंडावर एक पातळ पडदा ताणलेला असतो. ही दुसरी गाळणी, आणि नेफ्रोसाइटची सर्वांत भरवशाची खूण. फळमाशीतही नेफ्रोसाइट असतात; तिच्यात खाचांच्या तोंडाशी असलेल्या या फटींची रुंदी साधारण ३० ते ४५ नॅनोमीटर मोजली आहे, माणसाच्या मूत्रपिंडातल्या फटींच्याच पंगतीतली.

आता एक गोष्ट, जी नवख्याला सहसा कोणी सांगत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठीचा छेद ६० ते ८० नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे फटीच्या रुंदीहून जाड. पडदा पातळ रेघेसारखा स्पष्ट दिसतो तो फक्त छेद त्याला बरोबर काटकोनात गेला असेल तेव्हा. जरा तिरपा गेला की ती रेघ करड्या धुक्यात विरते. एखाद्या फटीवर पडदा दिसला नाही म्हणून तो नाही असे लिहू नका. त्याच पेशीच्या कडेने पुढे सरकत दहा-वीस फटी पाहा. छेद पेशीच्या पृष्ठभागाला घासून गेला असेल तर चित्र आणखी वेगळे दिसते: पेशीद्रव्याच्या समांतर पट्ट्या आणि त्यांच्या मधे बारीक चरे. नवखे लोक याला स्नायुतंतू समजतात. ही त्याच खाचांची वरून दिसणारी बाजू आहे.

खाचांच्या तळाशी या. तिथे पेशीपटलाला लहान खळगे पडलेले दिसतील आणि त्यांच्या आतल्या बाजूला केसाळ अस्तर. हे क्लॅथ्रिन प्रथिनाचे अस्तर. खळगा खोल होतो, तुटतो आणि पुटिका, म्हणजे इवलीशी पिशवी, बनून आत जातो. गिळणे सुरू होते ते इथे. आणखी आत लहान नळ्या आणि पुटिका, मग फिकट, मोठ्या रिक्तिका, आणि त्याही आत लयकारिकांशी (पेशीतल्या पचन करणाऱ्या पिशव्यांशी) मिसळलेल्या गडद रिक्तिका. फिकटातून गडदाकडे जाणारा हा क्रम म्हणजे गिळलेल्या मालाचा प्रवास. पचू न शकलेले अवशेष गडद कणांच्या रूपात पेशीतच राहतात.

हा क्रम एका फोटोत सलग मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. कडेचे मोठे वर्धन, मधल्या भागाचे मध्यम आणि पूर्ण पेशीचे लहान, असे तीन फोटो तरी एकाच पेशीचे घ्या.

नमुना तयार करतानाची एक सूचनाही इथेच देतो, कारण चित्र बिघडते ते बहुतेक तिथे. अष्टपादांचे कवच स्थिरीकरण द्रावणाला (पेशी आहे तशी टिकवणाऱ्या रसायनाला) आत शिरू देत नाही. प्राण्याला थंडीने बेशुद्ध करून, ग्लुटराल्डिहाइड या स्थिरीकरण द्रावणातच पाय कापून शिरोवक्ष उघडावे लागते. द्रावणाचा परासरण दाब रक्ताशी जुळला नाही तर खाचा फुगतात किंवा मिटतात आणि मग मोजलेल्या रुंदीला काही अर्थ उरत नाही. स्थिरीकरणातच वापरल्या जाणाऱ्या ऑस्मियम टेट्रॉक्साइडची वाफ डोळ्यांना इजा करते. ते काम धूरशोषक कपाटातच, हातमोजे घालून आणि अनुभवी माणूस सोबत असतानाच करा. नवख्याने सुरुवात तयार स्लाइडवरूनच करावी असे माझे स्पष्ट मत आहे. नीट पाहायला शिकण्याआधी प्राणी मारण्यात काही हशील नाही.

सहावी पायरी: फसवणाऱ्या पेशी

सर्वांत जास्त फसवते ती पोडोसाइट. कॉक्सल ग्रंथीच्या पिशवीतल्या या पेशीलाही फटी असतात, पडदे असतात, आधारपटल असते. फरक पाहायचा तो फटीच्या पलीकडे. पोडोसाइटच्या एका बाजूला रक्त आणि दुसऱ्या बाजूला पिशवीची पोकळी असते. गाळलेले द्रव त्या पोकळीत उतरते आणि नळीने पुढे जाते. नेफ्रोसाइटच्या फटीपलीकडे फक्त तिची स्वतःची आंधळी खाच असते. पेशीला आत आणि बाहेर अशा दोन वेगळ्या बाजू दिसल्या तर पोडोसाइट. चारी बाजूंना एकच कड दिसली तर नेफ्रोसाइट.

रक्तपेशी लहान असतात, त्यांच्याभोवती आधारपटल नसते आणि त्या जागेवर बांधलेल्या नसतात. ग्वानोसाइटमधले स्फटिक ध्रुवित प्रकाशात चमकतात, तिथे शंका उरत नाही. आतड्याच्या पचनपेशींतही गडद रिक्तिका भरपूर असतात, पण त्या ओळीत बसतात आणि त्यांचे एक टोक आतड्याच्या पोकळीत उघडते.

सातवी पायरी: काम तपासा

रचना जुळली म्हणजे काम सिद्ध झाले असे नाही. १९ व्या शतकाच्या अखेरीस रशियन प्राणिशास्त्रज्ञ अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांनी अनेक अपृष्ठवंशी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचून पाहिले. अमोनिया कार्माइन काही विशिष्ट पेशींत जमा होई, तर इंडिगो कार्माइन मालपीघी नलिकांत जाई. दोन रंग, दोन वाटा. प्रयोग जुना आहे, पण त्यामागचा विचार आजही तसाच्या तसा वापरता येतो.

आज कार्माइनऐवजी चमकणारा रंग जोडलेले डेक्स्ट्रान (साखरेच्या लांब साखळीचा रेणू) किंवा अल्ब्युमिन हे प्रथिन वापरतात. सोय अशी की रेणूचा आकार आपण निवडू शकतो. फळमाशीच्या नेफ्रोसाइटवर असेच केले तेव्हा १० हजार डाल्टनचे डेक्स्ट्रान सहज आत गेले आणि ५ लाख डाल्टनचे बाहेरच राहिले. हिमोसायनिनचा १७ लाखांचा रेणू या तराजूत कुठे बसतो ते तुम्हीच पाहा.

प्रयोग करताना तीन तुलना हव्यातच. लहान रेणू आणि मोठा रेणू, हे गाळणी तपासण्यासाठी. साधे तापमान आणि बर्फाजवळचे तापमान, हे गिळणे तपासण्यासाठी; थंडीत गिळणे जवळजवळ थांबते, त्यामुळे तरीही पेशी तेवढीच चमकत असेल तर रंग नुसता बाहेरून चिकटला आहे. तिसरी तुलना शाईच्या बारीक कणांची. असे घन कण रक्तपेशी उचलतात, कारण त्या तुकडेच्या तुकडे गिळतात. नेफ्रोसाइटच्या फटींतून ते जाऊ शकत नाहीत. कण आणि विरघळलेला रंग दोन्ही एकाच पेशीत सापडले तर ती बहुधा रक्तपेशी आहे.

आठवी पायरी: माणसाच्या मूत्रपिंडाशी नाते, पण हात राखून

१९९८ मध्ये फिनलंडमध्ये जास्त आढळणाऱ्या एका जन्मजात मूत्रपिंडविकाराच्या शोधातून नेफ्रिन हे प्रथिन हाती लागले. माणसाच्या पोडोसाइटमधला फटीचा पडदा त्याच्याशिवाय बनत नाही. २००९ मध्ये फळमाशीच्या नेफ्रोसाइटमध्येही नेफ्रिनच्या कुळातले प्रथिन पडदा बांधते आणि ते काढून टाकले तर पडदा तयारच होत नाही, असे दाखवले गेले. पुढे गिळण्याच्या बाजूलाही साम्य निघाले: क्युबिलिन आणि ॲम्नियनलेस ही प्रथिने आपल्या मूत्रपिंडाच्या नलिकेत गाळलेली प्रथिने परत उचलतात, आणि माशीच्या नेफ्रोसाइटमध्येही तेच करतात.

म्हणजे आपल्याकडे जी कामे दोन वेगळ्या पेशी करतात, गाळणारी पोडोसाइट आणि उचलणारी नलिकेची पेशी, ती इथे एकाच पेशीत आहेत. आपल्या मूत्रपिंडात दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळले जाते आणि त्यातले जवळजवळ सगळे परत घेतले जाते. नेफ्रोसाइटमध्ये परत घ्यायचा प्रश्नच येत नाही, कारण गाळलेले द्रव शरीराबाहेर निघालेलेच नसते.

मात्र रेणूंच्या पातळीवरची ही बहुतेक माहिती फळमाशीची आहे, कोळ्याची नाही. रचना सारखी दिसते म्हणून माशीतले प्रथिन विंचवात गृहीत धरून आकृतीत लिहू नका. ‘फटीचा पडदा दिसला’ हे निरीक्षण आहे, ‘नेफ्रिन आहे’ हा दावा आहे, आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

नोंदी कशा ठेवायच्या

प्रत्येक फोटोसोबत मोजपट्टी हवीच. प्राण्याची जात, लिंग आणि तो प्रौढ की पिल्लू हे लिहा. शेवटचे खाणे कधी झाले आणि कात टाकून किती काळ लोटला याची नोंद फार जण गाळतात, पण पेशीतल्या रिक्तिका आणि गडद कण किती हे त्यावर ठरू शकते. उपाशी आणि नुकतेच खाल्लेले प्राणी एकाच तक्त्यात मिसळू नका. फटीची रुंदी मोजताना फक्त काटकोनातले छेद घ्या आणि किती फटी मोजल्या तो आकडा सरासरीशेजारीच लिहा. आकृती काढताना आधारपटल, फटीचा पडदा, खाच, अस्तर असलेले खळगे, फिकट रिक्तिका आणि गडद रिक्तिका ही नावे बाहेरून आत याच क्रमाने द्या, आणि फोटोत जे दिसले नाही त्याची रेघ तुटक काढा.